पानाखालची ओळ

मार्चमधल्या एका गुरुवारी लच्छू मडावी मोहफुलं वेचायला जंगलात गेला. दुपारी तो आला नाही. संध्याकाळी त्याची टोपली मोहाखाली सापडली आणि तो नाल्यात सापडला. त्याला वाघाने नेलं होतं. त्याची मुलगी जंगू तेव्हा दुसरीत होती. त्याआधीच्या रविवारी एस्तेरबाईंनी तिच्या वर्गाला दानीएलाची गोष्ट सांगितली होती.

बाई यंदा दिवाळीनंतर गेल्या. मंडळीतले लोक मला म्हणाले, मास्तर, तुम्ही लिहा, तुमचाच त्यांच्याशी जास्त संबंध होता. मी लिहायला बसतो, जन्म, शिक्षण, नोकरी अशा क्रमाने जायचं ठरवतो, आणि दर वेळी तो गुरुवार मध्ये येतो. म्हणून तो आधी लिहून टाकला.

मी राजुऱ्याच्या एका शाळेत मराठी शिकवतो. एस्तेरबाई माझ्या शेजारच्या घरात राहायच्या. त्या सरकारी नर्स होत्या. तालुक्यातल्या गावागावांत फिरून त्यांनी लसी टोचल्या, बाळंतपणं केली, आणि निवृत्त झाल्यावर त्यातल्याच एका गावात दर रविवारी शब्बाथशाळा घ्यायला सुरुवात केली. मुलांच्या रविवारच्या बायबलच्या वर्गाला आमच्या ख्रिस्ती मंडळीत हे नाव आहे. गाव राजुऱ्यापासून अर्ध्या तासावर, जंगलाला लागून. नाव लिहीत नाही, तिथले लोक ओळखतील. आमच्या मंडळीची तिथे मोजकी घरं आणि टिनाच्या छपराची प्रार्थनेची एक खोली आहे. खोलीत मधोमध साडीचा पडदा लावलेला असायचा. एका बाजूला मी मोठ्या मुलांना घेऊन बसायचो, दुसऱ्या बाजूला बाई लहानांना. माझ्या बाजूला शांतता असायची. त्यांच्या बाजूला आठवडी बाजार.

“मास्तर,” त्या पडद्यापलीकडून विचारायच्या, “तुमचे लेकरं हायत का घरी गेले? आवाजच नाई येऊन राह्यला.”

“आहेत, बाई.”

“मंग झोपले असन. इकडं पाठवा, जागे करतो म्हनते बाल्या.”

बाल्या हा ढिवरांचा, म्हणजे गावच्या तळ्यात, बोडीत, मासे धरणाऱ्या घरातला मुलगा. बाईंच्या वर्गात आमच्या मंडळीची मुलं थोडी आणि बाकीची गावातली असत. गोंडांची, ढिवरांची. ती आपापल्या घरचे देव सोडून आलेली नव्हती, गोष्टीसाठी येत. बाईंना ते ठाऊक होतं. प्रत्येकाच्या घरी जाऊन त्या आधी विचारून आल्या होत्या. जंगूची आजी सोमाबाई म्हणाली होती, “गोष्टच आयकते ना? आयकू दे. घरी आली का मले सांगते, माह्याबी टाइम जाते.”

बाई अंगाने काडी होत्या. साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घालायच्या, नोकरीत लागलेली सवय. माझ्या गाडीवर मागे एका बाजूला बसायच्या आणि मांडीवर लसीचा निळा डबा धरायच्या. झाकणाची कडी तुटली म्हणून दवाखान्याने टाकून दिलेला तो डबा त्यांनी मागून घेतला होता. आता त्यात गोष्टींची चित्रपुस्तकं आणि बायबल असायचं. पाऊस लागत नाही, वाळवी लागत नाही, म्हणायच्या. सुरुवातीच्या रविवारी तो डबा बघून अर्धी मुलं खिडकीतून पळाली होती. त्यातल्या पुष्कळांना बाईंनीच टोचलं होतं, आणि काहींना तर जगात आणलं होतं.

टोचण्यावरून आठवलं. लहान मुलाला सुई देताना “काही दुखत नाही बेटा” असं सगळेच म्हणतात. बाई कधीच म्हणाल्या नाहीत. माझ्या मुलीला त्यांनी एकदा घरी येऊन इंजेक्शन दिलं. मुलीने विचारलं, दुखेल का. बाई म्हणाल्या, “दुखन. मुंगीपेक्षा जास्त, इंचवापेक्षा कमी.” मुलगी विचारात पडली. ती मुंगी आणि विंचवाच्या मधलं दुखणं मनात मोजते आहे तोवर सुई देऊन झाली होती. नंतर ती मला म्हणाली, “बरोबर होतं बाईंचं.” दुखत नाही म्हणून फसवलेलं लेकरू दुसऱ्या वेळी हात देत नाही, असा बाईंचा हिशोब होता. त्यांची सगळी शब्बाथशाळा याच हिशोबावर चालायची.

गोष्टींची पुस्तकं चंद्रपूरहून यायची. गुळगुळीत कागद, भडक रंग, बहुधा परदेशी पुस्तकांवरून मराठीत केलेली. भाषा अशी की पुण्यातल्या मुलांनाही जड जावी. ‘तो अत्यंत भयभीत झाला’ असं छापलेलं असायचं आणि बाई डोळे पानावर ठेवून वाचायच्या, “त्याचे तं हातपायच गार पडले.” पडद्याअलीकडे बसून मी या भाषांतराची मजा घ्यायचो. माझी मोठी मुलंही माझ्याकडे बघत बसायची आणि कान तिकडे ठेवायची.

गोष्ट संपली की बाई पुस्तक मिटायच्या आणि डब्यातून बायबल काढायच्या. ते जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं असायचं. मग ज्या मुलाची पाळी असेल त्याने पुढे यायचं. बाई पान काढून द्यायच्या आणि मुलाने त्या गोष्टीच्या ओळीवर बोट ठेवायचं. वाचता येत असेल तर वाचायचं. येत नसेल तर बाई वाचायच्या आणि मुलाचं बोट अक्षराखालून सरकवायच्या. “गोष्टीचं पुस्तक मानसानं लिहिलं,” त्या सांगायच्या. “ते चुकू शकते. मीबी चुकते. शास्त्रात हाय का नाई ते पायल्याशिवाय मानाचं नाई.” एवढ्याशा मुलांना ही सवय कशाला, असं मला वाटायचं. पण मुलांना बोट ठेवणं गोष्टीपेक्षाही आवडायचं. पाळीवरून मारामाऱ्या व्हायच्या.

योनाच्या गोष्टीच्या दिवशी याचा कळस झाला. योनाला मासा गिळतो ते चित्र बाईंनी उघडलं आणि बाल्या उभा राहिला.

“बाई, हा मासा नोहोय.”

“मासाच हाय.”

“याले खवले नाई. अन् डोक्यातून पानी उडून राह्यलं. असा मासा रायतेच नाई.”

ढिवरांची बाकीची मुलंही उठली. एकीने सांगितलं की याची शेपटी आडवी आहे, माशाची उभी असते. वर्ग दोन गटांत फुटला. बाईंनी गडबड न करता बायबल काढलं, बाल्यालाच पुढे बोलावलं आणि त्याचं बोट ओळीवर ठेवलं. तिथे फक्त मोठा मासा असं होतं.

“पाह्य. शास्त्रात मासाच हाय. तू म्हनते ते बरोबर.”

“मंग हे चित्र कोनं काढलं?”

“ज्यानं कवा बोडी पायली नाई त्यानं.”

बाल्या खूश होऊन खाली बसला. पुढे कितीतरी दिवस तो गावात सांगत होता की बायबलवाल्यांना मासा समजतो, चित्रवाल्यांना नाही.

एकदा नागपूरहून एक तरुण पाहुणा आमचे वर्ग बघायला आला होता. उत्साही, मनाने चांगला. त्याने मुलांना एक गाणं शिकवलं, चॉकलेटं वाटली आणि विचारलं, “बायबल खरं आहे असा विश्वास कुणाकुणाचा आहे? हात वर.” सगळे हात वर गेले. एका मुलाने दोन्ही केले. पाहुणा भारावून गेला. परतताना तो बाईंना म्हणाला, “काय विश्वास आहे हो या लेकरांचा.”

“भाऊ,” बाई म्हणाल्या, “तुमी पाहुने हा. सुई कोनाले पायजे विचारलं असतं तरी हात वर केले असते.”

तो हसला, पण त्याला नीट कळलं नसावं. परतताना गाडीवर मी बाईंना विचारलं असतं तर त्यांनी एवढंच सांगितलं असतं की विश्वास हात वर करून दाखवायची गोष्ट नाही, ओळ सापडली की तो आपोआप बसतो. हे त्या मला इतर वेळी पुष्कळदा बोलल्या होत्या.

आता तो रविवार.

दानीएलाची गोष्ट सगळ्या मुलांच्या आवडीची. दानीएल देवाची प्रार्थना सोडत नाही म्हणून राजा त्याला सिंहांच्या गुहेत टाकतो, आणि रात्रभर देव सिंहांची तोंडं बंद ठेवतो. पुस्तकातले सिंह मांजरासारखे हसत होते. मुलांनी सिंह पाहिलेला नव्हता. त्यांनी विचारलं, सिंह म्हणजे वाघच ना. बाई म्हणाल्या, “तसाच समजा.” त्या महिन्यात गावाच्या आसपास वाघ फिरत होता. वनखात्याची गाडी भोंगा लावून सांगून गेली होती की एकट्याने जंगलात जाऊ नका. त्यामुळे वर्ग नेहमीपेक्षा गप्प होता.

गोष्ट झाली. त्या दिवशी पाळी जंगूची होती. तिने बोट ठेवलं आणि अडखळत वाचलं. सिंहांची तोंडं बंद झाल्याचं ते वाक्य तिने दोनदा वाचलं.

आणि मग बाईंनी पुस्तक पुन्हा उघडून शेवटच्या पानाखालची ओळ वाचली. या पुस्तकांत प्रत्येक गोष्टीच्या शेवटी, पानाच्या तळाशी, निळ्या पट्टीत एक वाक्य असे. मुलांनी घरी घेऊन जायचं वाक्य. त्या दिवशीचं होतं: ‘तूही भिऊ नकोस. देव तुझ्यासाठीही सिंहाचं तोंड बंद करील.’ मुलांनी ते एका सुरात म्हटलं. मी ते पडद्याअलीकडून ऐकलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

जंगूने ते घरी बापाला सांगितलं. लच्छू हसला आणि तिच्या डोक्यावर टपली मारली, असं सोमाबाईने नंतर सांगितलं. गुरुवारी तो अंधार असतानाच, बाकीच्यांच्या पुढे, एकटा निघाला.

शुक्रवारी सकाळी आम्ही गेलो. अंगणात माणसं बसली होती. बाई सोमाबाईजवळ जाऊन बसल्या आणि दुपारपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. मधे एकदा त्यांनी तिला पाणी दिलं. लच्छूची बायको आत होती, धाकटा मुलगा तिच्या मांडीवर. जंगू दाराच्या फळीमागे उभी होती. आम्ही निघायला उठलो तेव्हा ती पुढे आली.

“बाई, तुमचं पुस्तक खोटं हाय. मी बाबाले सांगतलं व्हतं, भिऊ नको म्हनून.”

जंगू घराच्या मागे निघून गेली.

परतताना वाटेतल्या मोरीपाशी त्यांनी गाडी थांबवायला लावली. कठड्यावर बसल्या. डबा मांडीवरच होता.

“मास्तर, तुमी काऊन काई बोलत नाई?”

मी म्हणालो, “देवाची इच्छा, बाई. दुसरं काय म्हणणार.”

“हे माह्या तोंडातून तिथी निघालं नाई, लई बरं झालं,” त्या म्हणाल्या. मग बोलल्या, “त्या पोरीपुढं आता दोनच रस्ते हायत. एक, पुस्तक खोटं. दुसरा, पुस्तक खरं अन् तिच्याच हातून काईतरी चुकलं, म्हनून बाप गेला. पयल्या रस्त्यानं गेली तं जाऊ दे, मास्तर. मले दुसऱ्याची भीती लागून राह्यली. लेकरं तिकडंच जातेत.”

त्यानंतरचे रविवार मला नीट आठवतात. बाई वर्ग घ्यायच्या, पण डबा उघडायच्या नाहीत. गाणी म्हणून घ्यायच्या, नखं कापून द्यायच्या. वर्गानंतर मडाव्यांच्या घरी जायच्या. त्या अंगणात आल्या की जंगू मागच्या दाराने बाहेर जायची. एकदा सोमाबाईने सांगितलं की पोरगी जेवत नाही, बोलत नाही. कुणी वाघ म्हटलं की कान झाकते. बापाला मीच पाठवलं, असं झोपेत बोलते.

मंडळीचे एक पंच बाईंना समजवायला आले. वयाने मोठे, सेवाभावी गृहस्थ. मी त्यांच्याबरोबर चहा पीत होतो. ते म्हणाले, “बाई, पोरीला एवढंच सांगा. तिचा बाप आपल्यातला नव्हता. विश्वास ठेवणाऱ्याला ते वचन आहे, बाकीच्यांना लागू नाही.”

बाईंनी कप खाली ठेवला.

“भाऊ, तुमी माह्यापेक्षा मोठे हा म्हनून हळू बोलते. हे त्या लेकराले सांगाले कोनी त्या घरी गेलं, तं मी त्याच्या आंधी दारात जाऊन बसन. मी जिवंत हाय तोवर नाई.”

पंचांनी चहा संपवला आणि हवापाण्याचं बोलले.

मे महिन्यात, बिडीच्या तेंदूपानांचा हंगाम सुरू झाल्यावर, बाईंनी मला एका दुपारी हाक मारली. खाटेवर ते चित्रपुस्तक आणि बायबल दोन्ही उघडी होती. त्यांनी पानाखालच्या निळ्या पट्टीवर बोट ठेवलं.

“ही ओळ शास्त्रात कुठी हाय ते मले काढून द्या.”

मी पुस्तकी माणूस. घरून बायबलची शब्दसूची आणली. भिऊ नकोस हे ठिकठिकाणी होतं. देव राखतो हेही होतं. पण दानीएलाचं जे झालं ते प्रत्येकाचं होईल, प्रत्येकासाठी जनावराचं तोंड बंद होईल, असं वचन मला सापडलं नाही. मी जवळची काही वचनं वाचून दाखवली, थोडी ओढून ताणूनही पाहिली. बाई मान हलवत राहिल्या.

“जवळचं नोका सांगू. हेच हाय का?”

“नाही, बाई.”

“इतके वर्सं लेकरांच्या बोटाले धरून शास्त्रावर ठेवलं,” त्या म्हणाल्या. “वरच्या सगळ्या गोष्टी तपासल्या. मासा तपासला. या खालच्या ओळीवर कवाच कोनाचं बोट नाई ठेवलं. गोड व्हती ना. गोड असलं का मानूस पायत नाई.”

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. अंगणात सोमाबाई आणि जंगू तेंदूपानांचे पुडके बांधत होत्या. आज जंगू उठली नाही, तिच्या मांडीवर पानांचा ढीग होता. बाई बूट काढून तिच्यासमोर बसल्या आणि पानं उचलून लावायला लागल्या. त्यांना ते जमत नव्हतं. सोमाबाई म्हणाली, “सिस्टरबाई, उलटे लावून राह्यल्या.” बाईंनी सरळ केली. पुन्हा उलटी झाली. जंगूने काही न बोलता त्यांच्या हातातला पुडका घेतला आणि स्वतः बांधला.

मग बाईंनी पुस्तक उघडून तिच्यासमोर ठेवलं.

“जंगू, ही ओळ तुले मी शिकवली. काल दिवसभर मी ही शास्त्रात शोधली. मास्तरनंबी शोधली. नाई हाय ती. त्या पुस्तकवाल्यानं आपल्या मनानं लिहिली, अन् मी न पायता तुमाले म्हनाले लावली. ती खोटी व्हती. खोटं मी सांगतलं.”

जंगू पट्टीकडे बघत होती.

“मी बाबाले सांगतलं, भिऊ नको.”

“तू जे आयकलं ते सांगतलं. आयकवलं मी. तुह्यं त्यात काईच नाई.”

सोमाबाईने हातातला दोर दातांत धरून गाठ मारली. मग म्हणाली, “अन् तो कोनाचं आयकून जात व्हता का? दरसाली अंधारातच जाये. लगन झालं तवापासून त्याची बायको सांगते, उजेड पडू दे. मीबी सांगते. वनवाले भोंगा लावून सांगून गेले. त्याले कोनाचा आवाजच नाई जाये. तुह्या म्हनन्यानं गेला असता तं मी त्याले तुह्याकडूनच थांबवलं नसतं का, मा?”

जंगूच्या तोंडावर काही हललं. हसू नव्हतं ते. पण त्या गुरुवारपासून तिथे बसलेलं काहीतरी थोडं सरकलं असावं. बराच वेळ तिघी पानं लावत राहिल्या. मी भिंतीशी टेकून बसलो होतो.

“मंग दानीएलचंबी खोटं?” जंगूने विचारलं.

“नाई. ते लिहिलं हाय. तू बोट ठेवलं व्हतं.”

“त्याले नाई खाल्लं.”

“नाई.”

“अन् ज्याईले खाल्लं, त्याईचं काई लिहिलं हाय का?”

हा प्रश्न मला सुचला नसता. बाईंनी टॉवेल सोडून बायबल उघडलं. जे वाचले नाहीत, ज्यांना करवतीने कापलं, तलवारीने मारलं, आणि तरी ज्यांना देवाने आपलं म्हटलं, अशा माणसांची ओळ त्यांनी काढली. नंतर दुसरीकडे, मित्राच्या कबरीपाशी येशू येतो आणि रडतो, ती जागा काढली. जंगूने हात परकराला पुसला आणि स्वतःहून बोट ठेवलं. ते वाक्य फार लहान आहे. तिला अडखळावं लागलं नाही.

“तो रडला?”

“हो.”

“मंग त्यानं त्याले उठवलं असन.”

“उठवलं.” बाई म्हणाल्या. “तुह्या बाबाले नाई उठवलं. ते काऊन, ते मले मालूम नाई. एखाद दिवशी उठवन, असं मी मानते. पन आज नाई, अन् ते तुले मी आज मानाले नाई लावत.”

जंगू पुन्हा पानं लावायला लागली. आम्ही निघालो तेव्हा ती उठून दारापर्यंत आली नाही. पण मागच्या दारानेही गेली नाही. रात्री ती जेवली, असा निरोप दुसऱ्या दिवशी बाल्याच्या बापाने बाजारात आल्यावर दिला.

त्या पावसाळ्यात बाईंनी डब्यातली सगळी पुस्तकं काढली. प्रत्येक निळी पट्टी बायबलमध्ये शोधली. जी सापडली ती ठेवली. जी सापडली नाही तिच्यावर दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी लावली. पुष्कळ पुस्तकं जखमा झाल्यासारखी दिसायला लागली. चंद्रपूरच्या पुस्तकवाल्यांनी विचारलं, बाई, हे काय केलं. बाई म्हणाल्या, “मलमपट्टी.” मुलांनी मात्र कुठल्या पानावर पट्टी आहे आणि कुठल्या नाही, हे बघायचा नवा खेळ काढला. पट्टी नसलेल्या ओळी त्यांना आधीपेक्षा जास्त आवडायला लागल्या. ही ओळ बाईंनी तपासलेली आहे, असं ती एकमेकांना सांगायची.

पुढच्या वर्षी एका रविवारी जंगू आपल्या धाकट्या भावाला घेऊन आली. त्याचा हात बाईंच्या हातात दिला.

“याले खरं तेच सांगजा,” ती म्हणाली, आणि बाहेर पडवीत जाऊन बसली. वर्ग सुटेपर्यंत बसून राहिली. मग भावाला घेऊन घरी गेली.

दानीएलाची गोष्ट बाईंनी तेव्हापासून सांगितली नव्हती. मागच्या उन्हाळ्यात मुलांनी हट्ट धरला आणि त्यांनी सांगितली. तोवर बाईंना चालताना दम लागायला लागला होता. त्या खुर्चीत बसून सांगत होत्या. मी माझा वर्ग थांबवला आणि पडदा बाजूला केला. जंगू पडवीत होती, पाठ दाराकडे करून. गोष्ट संपली. जंगूच्या भावाची पाळी होती. त्याने बोट ठेवलं, बाईंनी वाचलं, आणि पुस्तक मिटलं. एका लहान मुलीने विचारलं, “मंग आमाले वाघ धरन का, बाई?”

“मले मालूम नाई,” बाई म्हणाल्या. “दानीएलले राखलं, ते लिहिलं हाय. तुमाले राखावं म्हनून मी रोज मागते. तुमीबी मागा. अन् सकाळी एकट्यानं जाऊ नोका.”

पडवीत जंगूने मान वळवून आत पाहिलं. बाईंनीही तिच्याकडे पाहिलं.

वर्ग सुटला. जंगूच्या वस्तीकडची वाट जंगलाच्या कडेने जाते, तिथली मुलं घोळक्याने आणि आवाज करत जातात. जंगूने सगळ्यांना गोळा केलं, लहान मधे, मोठे कडेला, आणि हातातली काठी वाटेवर आपटत पुढे निघाली. बाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. मी गाडी सुरू केली, बंद केली. मुलं वळणाआड गेली तरी त्यांचा गलका ऐकू येत होता. तो येईनासा झाला तेव्हा बाई डबा उचलायला आत गेल्या. त्या गावातलं त्यांचं ते मला आठवणारं शेवटचं चित्र. पावसाळ्यात त्या अंथरुणाला खिळल्या, आणि दिवाळीनंतर चंद्रपूरच्या दवाखान्यात गेल्या.

आता खोलीत पडदा नाही. दोन्ही वर्ग मी एकत्र घेतो. जंगूचा भाऊ दर रविवारी येतो. जंगू त्याला सोडते आणि पडवीत बसते. ती आत आलेली नाही. उठूनही गेलेली नाही.